खाचांची फळी

टेबल डुगडुगलं की गुण्याचं डोकं फिरायचं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी वाकून टेबलाचे पाय बघणार, मग यजमानांची विचारपूस. कागदाची घडी करून पायाखाली सरकवणाऱ्या लोकांबद्दल तो जे बोलायचा ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. धंद्याने सुतार. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि ते हत्यार कायम त्याच्या हाताशी, नाहीतर खिशात, नाहीतर दुसऱ्याच्या दाराच्या चौकटीला लावलेलं. म्हणून हे नाव पडलं. खरं नाव बहुधा त्याचं त्यालाही आठवत नसावं.

घरात बायको, मोठी बहीण आक्का आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणायचे. ठकी उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली, आणि शाळेत गेली तेव्हा अक्षरं तिच्या डोक्यात शिरायची पण थांबायची नाहीत. सकाळी शिकवलेलं दुपारी साफ. तरी पोरगी आनंदाने शाळेत जायची, आणि त्याचं कारण म्हणजे ताई. शाळेने परस्पर तपासून तिला एक मदतनीस ताई दिली होती, कशी ते गुण्याने कधी विचारलं नव्हतं. ही ताई वर्गात ठकीच्या शेजारी बसे, फळ्यावरची एक गोष्ट चार तुकड्यांत मोडून सांगे, आणि ठकी चिडली की तिला व्हरांड्यात एक चक्कर मारून आणे. ताईमुळे ठकीला स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं. ज्या दिवशी तिने ते पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी गुण्याने ते फळकुटावर कोरून दारावर ठोकलं, उलटं अक्षर उलटंच ठेवून.

आता पुढे जे झालं त्याला कुणाला दोष द्यायचा तेच कळत नाही. सांगतो, तुम्हीच ठरवा.

शाळेची डागडुजी गुण्याकडेच असायची. हेडबाईंनी एक दिवस निरोप धाडला, वरच्या खोलीत चाचणीच्या बाई आल्यात, त्यांचं काहीतरी मोडलंय. या बाई नव्याने बदलून आलेल्या. मुलांना तपासायचं, कुणाला किती मदत लागते ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर एक लाकडी फळी होती. फळीत चांदणी, चंद्रकोर, फुली, बदाम अशा आकारांच्या खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा एकेक ठोकळा. चांदणीचं एक टोक तुटलं होतं.

"मिस्त्री, एवढी चांदणी तेवढी नवीन करून द्या," बाई म्हणाल्या. "मापाला फळी घेऊन जा. पण जपून हं, ही कुणाला दाखवायची नसते."

"कुणाला दाखवू बाई? घरात एक भुसा आणि दुसरी बायको. दोघांनाही माझ्या कामात रस नाही."

बाई हसल्या. गुण्याने फळी उलटीपालटी करून पाहिली आणि सहज विचारलं, "हे असतं कशासाठी?"

"मुलं तपासायला. आता नवा कायदा आहे ना. एकदा तपासलं आणि जन्मभराचा शिक्का मारला, असं चालत नाही. ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासावं लागतं. ज्यांना ज्यांना ताई दिल्यात त्या सगळ्या मुलांची पाळी आता आहे."

गुण्याच्या कानात नुसतं "पुन्हा तपासावं लागतं" एवढंच घुमत राहिलं. माझी मुलगीही त्यात आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. मग वाटलं, सांगितलं तर बाई फळी परत घेतील. त्याने तोंड मिटलं, फळी पोत्यात गुंडाळली आणि जिना उतरला.

त्याला एवढी धास्ती का, हे समजायचं तर आक्काकडे बघायला हवं.

आक्का लहान असताना शाळेत एक साहेब आले होते. हातात घड्याळ आणि पुढ्यात अशीच एक फळी. आक्का घरात भरभर बोलायची, पण परक्या माणसासमोर तिचा दगड व्हायचा. साहेब "चल, लवकर, लवकर" करत राहिले आणि आक्काने एक ठोकळासुद्धा उचलला नाही. झालं! ही मुलगी शिकण्यासारखी नाही, असं ठरलं. आईबापाला कुणी विचारलं नाही, दुसऱ्यांदा कुणी पाहिलं नाही. त्या काळी तसा नियमच नव्हता. एका सकाळीत निकाल, आणि तो कायमचा. आक्काचं दप्तर तसंच्या तसं धाकट्या गुण्याच्या पाठीवर चढलं. तो शाळेत जायला निघायचा तेव्हा आक्का दारात उभी राहून दप्तराकडे बघायची, त्याच्याकडे नाही. ती तेव्हापासून घरातच होती. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, आणि ती दिवसभर घराला लागून असलेल्या गुण्याच्या कारखान्यात बसून स्क्रू निवडायची. छोटे एका डब्यात, मोठे दुसऱ्यात.

गुण्याने घरी येऊन पोतं सोडलं आणि फळी पाटावर ठेवली. आक्काने मान वर केली. बघितलं. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"आक्का, काय झालं? अगं, लाकूड आहे ते!"

स्क्रूचा डबा पायाने लवंडला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. ती कडेकडेने सरकत दारापर्यंत गेली आणि तिथून पळाली. इतक्या वर्षांनी! गुण्या हबकला. त्याला वाटलं होतं ती सगळं विसरली असेल.

इथेच माणसाने थांबायला हवं होतं. पण गुण्याने याचा उलटाच अर्थ काढला. त्याच्या मनाने घेतलं की आक्काचं जे झालं तेच ठकीचं होणार, ही फळी तिच्यापुढे ठेवणार, तिला जमणार नाही आणि दप्तर गेलं. त्याने चांदणी केली, झकास केली, आणि फळी परत करण्याआधी तिच्यावर कागद ठेवून सगळ्या खाचा पेन्सिलने उतरवून घेतल्या. मग त्याने घरच्या लाकडातून अगदी तश्शीच दुसरी फळी बनवली. रंग तोच, कडेची गोलाई तीच. सुताराचं डोकं हो! परीक्षा आहे म्हटल्यावर दुसरा बाप शिकवणी लावेल, याने परीक्षाच करवतीने कापून घरी आणली.

रोज संध्याकाळी ठकीला पुढ्यात घेऊन तो बसायचा. ठोकळा बरोबर खाचेपाशी आला की गुण्या जमिनीवर बोटाने मारायचा, टक. चुकीच्या जागी गेला की गप्प. ठकीला तो खेळ फार आवडला. एक ठोकळा उचलायची, बापाच्या बोटाकडे बघायची, टक झालं की टाळ्या पिटायची. हळूहळू टक लागेनासं झालं. हात आपोआप जायला लागले. चांदणी इथे, बदाम तिथे, डोळे मिटूनसुद्धा.

"अहो, हे काही बरोबर नाही," बायको म्हणाली. "बाईंना सांगून टाका ना, तुम्ही तिचे वडील आहात म्हणून."

"आणि उद्या तिचं दप्तर काढून घेतलं म्हणजे बरोबर होईल?"

"तुम्हाला कुणी सांगितलं काढून घेतील?"

"मला सांगायला कशाला हवं? माझ्या घरात बसलीय की ती!"

बायकोची नजर आत वळली. आतल्या खोलीत आक्का होती. दार लावून घेऊन बसली होती.

चाचणीच्या दिवशी ठकी नाचत आत गेली आणि नाचत बाहेर आली. "बाबा, तीच होती!" एवढंच तिने मोठ्याने सांगितलं, आणि गुण्याने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

काही दिवसांनी आईवडिलांना बैठकीला बोलावलं. तेही नव्या कायद्यात होतं, आईबापाला समोर बसवल्याशिवाय काही ठरवायचं नाही. हेडबाई होत्या, चाचणीच्या बाई होत्या, कोपऱ्यात ताई होती. गुण्याला इस्त्रीच्या शर्टात बघून बाई चकित झाल्या. "अरे, मिस्त्री! तुम्ही ठकीचे वडील?" गुण्याने नुसती मान हलवली. टेबल डुगडुगत होतं. पण आज त्याने वाकून पाहिलं नाही.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. खरोखर खुशीत होत्या. "मुलीने कमाल केली. एवढ्या पटापट ठोकळे लावणारी मुलं मी फार कमी पाहिलीत. आधीच्या वेळेपेक्षा इतकी प्रगती!"

गुण्याचा चेहरा असा फुलला की बायकोने त्याच्याकडे बघणंच टाळलं. जिंकलो, त्याला वाटलं. आक्का, जिंकलो बघ.

"त्यामुळे आता ती मदत मिळण्याच्या मर्यादेच्या वर गेली आहे," बाई पुढे बोलत होत्या. "म्हणजे पुढच्या आठवड्यापासून ताईंची गरज नाही. ताई दुसऱ्या शाळेत जातील. तिथे एका मुलाला हव्या आहेत."

हसू गुण्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं हेच त्याला सुचेना. "म्हणजे?" तो म्हणाला. "ती पास झाली ना?"

"पास-नापासाची चाचणी नाही हो ही. कुणाला किती हात द्यायचा ते ठरवायची आहे."

"आणि जमलं नसतं तर? शाळेतून काढलं असतं ना?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "काढलं असतं? कुणी? जमत नाही म्हणून मुलाला शाळेतून काढायची कायद्याने बंदी आहे, मिस्त्री. जमत नाही म्हणूनच तर ताई मिळते!"

आता बोला! ज्या कायद्याने आक्काला घरी बसवलं तो केव्हाच मोडीत निघाला होता आणि याला पत्ताच नव्हता. इतकी वर्षं तो मेलेल्या कायद्याला भीत बसला होता. त्याला तिथल्या तिथे सगळं सांगावंसं वाटलं. पण समोर हेडबाई, बाजूला बायको, आणि तोंडावर ते हसू अजून चिकटलेलं. तो उठला, नमस्कार केला आणि घरी आला.

ताई गेली. पहिल्या दिवशी ठकीने बाकावर शेजारी दप्तर ठेवलं आणि कुणाला बसू दिलं नाही, ताईची जागा आहे म्हणून. दुसऱ्या दिवशीही ठेवलं. वर्गातल्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्यापुढे वर्गभर पोरं. कोण चार तुकडे करून सांगणार? ठकी वहीकडे बघत बसायची. मग एका सकाळी ती लाकडाच्या ओंडक्यांमागे लपून बसली आणि काही केल्या बाहेर येईना. "पोट दुखतं," म्हणाली. पुढच्या दिवशी पण दुखलं. मग शाळेचं नावच निघेनासं झालं.

मग एक दिवस गुण्या कामावरून लवकर परतला. कारखान्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीखाली आक्का बसली होती आणि तिच्या शेजारी ठकी. दोघींच्या मध्ये डबे. दोघींच्या माना सारख्याच खाली, दोघींचे ओठ सारखेच मिटलेले. ठकी एक स्क्रू उचलायची, छोट्यांच्या डब्यात. एक उचलायची, मोठ्यांच्या डब्यात.

गुण्याच्या हातातली पिशवी गळून पडली. रंधा आपटला, पटाशी घरंगळत लांब गेली. दोघींनी एकदमच वर पाहिलं. दाराची चौकट धरून तो खाली बसला. घड्याळवाल्या साहेबाला त्याने जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आणि त्या साहेबाचं काम आज त्याने स्वतः केलं होतं, स्वतःच्या हाताने, पॉलिश मारून!

त्याच पावली उठून त्याने घरची फळी काढली, त्याच पोत्यात गुंडाळली आणि शाळा गाठली. वरच्या खोलीत बाई पेटी आवरत होत्या. गुण्याने पोतं टेबलावर सोडलं.

बाईंनी आधी फळीकडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटी उघडली. त्यांची फळी पेटीतच होती. त्या खुर्चीत बसल्या.

"मी केली," गुण्या म्हणाला. "तुमच्यावरून. तिला पाठ करून घेतली. बाई, तिला एवढीच फळी येते हो. दुसरं काही येत नाही."

"मिस्त्री... अहो, तुम्ही..." बाईंचा आवाज चढला आणि मधेच बसला. "आणि मी तरी काय केलं! चाचणीची फळी मीच उचलून बाहेर दिली. आणि कायदा सांगतो की एकाच चाचणीवर काही ठरवू नका, वर्गात जाऊन बसा, शिकवणाऱ्यांना विचारा, घरच्यांना विचारा. मुलं शंभर, वेळ नाही, म्हणून मी फळी बघितली आणि निकाल दिला. ताईंना एका शब्दाने विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं." त्यांनी पेटी बंद केली. मग म्हणाल्या, "निकाल मान्य नाही म्हणून पुन्हा तपासणी मागायचा हक्क आहे तुम्हाला. मागा. आजच मागा. फळी कशी बाहेर गेली ते हेडबाईंना मी सांगते."

पुन्हा बैठक भरली. या वेळी बाईंनी ठकीच्या वर्गात बसून पाहिलं होतं, ताईला बोलावून घेतलं होतं, गुण्याच्या बायकोला घरचं सगळं विचारलं होतं. आता एकच गोष्ट राहिली होती. बाईंनी एक नवी पेटी आणली, कुणी न पाहिलेली. त्यात रंगीत ठोकळे होते आणि चित्रं. चित्र बघून तसेच ठोकळे जुळवायचे. "मुलगी बिचकलीय," बाई म्हणाल्या. "वडिलांना खोलीत बसू दे. पण मिस्त्री, काही बोलायचं नाही."

ठकी टेबलाशी बसली. गुण्या समोर भिंतीला लागून. तिने पहिला ठोकळा उचलला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. चुकीचा ठेवला. गुण्याला लगेच दिसलं, लाल बाजू वर हवी. एवढं सोपं! त्याची बोटं वळवळायला लागली. त्याने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसला.

कुठल्याही बापावर अशी वेळ येऊ नये. पोरीला जमू नये असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून त्याला स्वतःची लाज वाटत होती. आणि तिला खरंच जमत नव्हतं, ते तर बघवतच नव्हतं.

ठकीने दुसरा ठोकळा हातात धरला. चित्राकडे पाहिलं. मग मान वळवली आणि बापाकडे पाहून हसली.

"बाबा, टक कर ना."

हेडबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. ताईने तोंडाला हात लावला.

"बाबा, टक?" ठकीने ठोकळा जरा पुढे सरकवला, त्याला नीट दिसावा म्हणून. "इथे? टक कर ना, बाबा."

गुण्याने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर काय होतं ते त्याला कधीच आठवलं नाही.

ताई परत आली. दुसऱ्या शाळेतल्या मुलाला दुसरी ताई मिळाली आणि ठकीला तिची तीच. आता ती शाळेत जाते. बाकावरचं दप्तर खाली गेलं, ओंडक्यांमागे लपणं बंद झालं. चाचणीच्या बाई आता एक फळी बघून निकाल देत नाहीत, वर्गात तासन्‌तास बसतात, आणि कामाचा ढीग साचला म्हणून वरून बोलणी खातात. घरची फळी गुण्याने कापून चुलीत घातली. ते होत असताना आक्का दारात येऊन उभी राहिली आणि शेवटचा तुकडा जळेपर्यंत हलली नाही.

सगळं मार्गी लागलं म्हणायचं. फक्त ठकी बापाशी बोलेना. आईशी बोलायची, आक्काशी बोलायची, ताईचं कौतुक तर दिवसभर. गुण्या दिसला की गप्प. तो गोडीगुलाबीने विचारायचा, ती दुसऱ्या खोलीत जायची. लहान आहे, विसरेल, बायको म्हणायची.

मग एका संध्याकाळी ती आपण होऊन कारखान्यात आली. गुण्या दाराला रंधा मारत होता. तिने जमिनीवरची फळकुटं गोळा केली, वेडीवाकडी, कापून उरलेली, आणि त्याच्यासमोर मांडली. मधे खडूने एक आकार काढला. कसला ते तिचं तिलाच माहीत.

"आता तू कर," ती म्हणाली.

गुण्याला हर्ष झाला. पोरगी बोलली! रंधा टाकून तो मांडी घालून बसला. एक फळकूट उचललं आणि खडूच्या रेघेवर ठेवलं. "बरोबर?"

ठकी काही बोलली नाही.

त्याने ते फिरवून दुसरीकडे ठेवलं. "इथे? ठके, सांग ना. इथे का?"

त्याने वर पाहिलं. ठकीने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले होते आणि त्यांच्यावर ती घट्ट बसली होती. तोंड खिडकीकडे फिरवलेलं.

गुण्या हातातलं फळकूट धरून तसाच बसून राहिला. मग त्याने ते तिसऱ्या जागी ठेवलं आणि वाट बघायला लागला.